वार पाळणारं गाव साथीचा नियमही पाळतं: नव्या आशाताईंसाठी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात मी आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणून काम करते. कोरोनाच्या दोन्ही लाटांत याच गल्ल्या, हीच घरं माझ्याकडे होती. आता नव्या मुली या कामात येताहेत. हात कसे धुवायचे, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला कसा लावायचा हे त्यांना प्रशिक्षणात शिकवतात. लोकांना ते करायला कसं लावायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. साथ पुन्हा येणारच. ती कोरोनाचीच असेल असं नाही. आपल्या डोंगरापलीकडे गोव्याच्या सत्तरीत आणि महाराष्ट्राच्या दोडामार्गात माकडतापाने माणसं दगावली आहेत, डेंग्यू तर दर पावसाळ्यात उंबऱ्याशी असतो. म्हणून जे कामाला आलं ते लिहून ठेवते आहे.

लोक ऐकत नाहीत, हे आधी मनातून काढून टाका. आपली गावं वार पाळतात. महालक्ष्मीची यात्रा ठरली, पाऊस लांबला किंवा गावात आजारपण वाढलं की पंच देवळात बसतात, देवाला गाऱ्हाणं घालतात आणि डंगोरा पिटला जातो: अमुक तारखेपासून मंगळवार आणि शुक्रवार पाळायचे. त्या दिवशी औत जुंपलं जात नाही, शेतात कामाला कुणी जात नाही. पोलीस उभा नसतो, दंडाची पावती नसते, तरी वार मोडायची कुणाची छाती होत नाही. कोरोना जावा म्हणून आमच्या भागातल्या गावांनी वार पाळले, आणि त्याच दिवसांत त्याच गावांत मास्क हनुवटीवर लोंबत होते. माणसं तीच होती, मग फरक कशात पडला?

वार गावाने बसून ठरवलेला असतो. तो आधी कळतो, त्यामुळे वैरण आदल्या दिवशी आणून ठेवता येते. पंचाला आणि मजुराला तोच नियम असतो. आणि तो कधी संपणार हे पहिल्याच दिवशी ठाऊक असतं. आरोग्य खात्याचा नियम वरून कागदावर येतो तेव्हा यातलं एकही त्याच्यासोबत नसतं. त्या कागदाला या चारही गोष्टी मिळवून देणं, हेच आपलं काम.

घरोघर जाण्याआधी देवळात

साथीची बातमी आली की लगेच वही घेऊन दारोदार निघू नका. आधी बैठक लावा, आणि तिचं बोलावणं पंचांच्या नावाने जाऊ दे. देवस्थान पंच, ग्रामपंचायतीचे सदस्य, भजनी मंडळाचे विणेकरी, युवक मंडळाची पोरं, अंगणवाडीच्या बाई, किराणा दुकानदार, गिरणीवाला आणि दूध डेअरीचा सेक्रेटरी, एवढी माणसं हवीतच. प्रत्येक गल्लीचा, प्रत्येक समाजाचा माणूस असल्याशिवाय बैठक सुरू करू नका. जी गल्ली बैठकीला नव्हती, ती पुढे नियम पाळत नाही, आणि तिची चूकही नसते.

बायका अशा बैठकीत खांबाआड उभ्या राहतात आणि बोलत नाहीत. त्यांच्यासाठी महिला संघाच्या हप्त्याचा दिवस धरा. घरात आजाऱ्याला ताट कोण देणार, पाणी कुठून येणार, म्हाताऱ्यांना कुठं झोपवायचं हे त्याच ठरवणार आहेत.

बैठकीत भाषण नको. विषाणू कसा दिसतो हे सांगत बसलात तर पाचव्या मिनिटाला माणसं मोबाइल काढतात. प्रश्न विचारा. आपल्या गावात माणसं दाटीने कुठं कुठं जमतात? बाहेरून रोज कोण येतं, कोण जातं? एखादं घर चौदा दिवस बंद राहिलं तर त्याला काय काय लागेल? उत्तरं लोकांनाच द्यायला लावा. आमच्याकडे डेअरीची सकाळ-संध्याकाळची रांग पहिली निघाली. मग वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्या, मग भजन, मग सलून. डेअरीचा उपायही पोरांनीच काढला: चुन्याचे गोल आखायचे, गोलात किटली ठेवायची आणि आपण चिंचेखाली लांब उभं राहायचं, नंबर आला की पुढं व्हायचं. हेच मी सांगितलं असतं तर दोन दिवसांत चुना पुसला गेला असता.

पोलिसांना बोलावण्याची घाई करू नका. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सोल्जर घरात घुसून तपासण्या करायचे, माणसांना ओढून छावणीत न्यायचे. लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. त्याच वर्षी २२ जूनला प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या इंग्रज अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकलोय. ज्या साथरोग कायद्याने सरकारला तो अधिकार मिळाला, तोच १८९७ चा कायदा २०२० सालीही वापरला गेला. आपल्या भागातली म्हातारी माणसं मात्र प्लेगाची दुसरी हकीकत सांगायची: उंदीर मरून पडायला लागले की गावंच्या गावं घरं सोडून माळावर खोपटी घालून राहायची. दूर राहणं, गर्दी मोडणं आपल्या लोकांना नवं नाही. बैठकीत एखाद्या आजोबांना हे सांगायला लावा. आणखी एक सांगा: बेळगावात टिळकवाडीच्या ज्या मैदानाला सगळे व्हॅक्सिन डेपो म्हणतात, तिथं एके काळी देवीची लस तयार होत होती. देवी रोग आता जगात कुठंच उरलेला नाही. लसीचं नाव काढलं की हा दाखला जवळचा वाटतो, कारण मैदान सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

फलक

वरून येणारं परिपत्रक कानडीत असतं. आमच्या गावात ते वाचता येणारी माणसं थोडी, आणि जे वाचता येत नाही ते पाळलं जात नाही, मग राग कितीही आला तरी. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सूचना मिळावी अशी तरतूद आहे आणि ती मागत राहायलाच हवी. पण साथ मागणी मंजूर होईपर्यंत थांबत नाही. कानडी शाळेतले मास्तर किंवा पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) यांच्याकडून परिपत्रक समजून घ्या आणि त्याच संध्याकाळी मराठीत फलक लावा. मिश्र वस्ती असेल तर मराठी आणि कानडी दोन्ही, शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरात.

फलकावर चार ओळींपेक्षा जास्त नको. "खबरदारी घ्यावी" असलं काही लिहू नका, त्याने कुणाला काही करता येत नाही. असं लिहा:

"येत्या सोमवारपासून १४ दिवस. दुकान सकाळी ६ ते १०. वडापमध्ये मास्क, काच उघडी. ताप-खोकला असेल तर डेअरीला येऊ नका, दूध घरून नेलं जाईल."

संध्याकाळी भजनाच्या आधी देवळाच्या भोंग्यावरून हेच वाचायचं. वाचणारा आवाज गावातला हवा. गाडीवर लावलेल्या रेकॉर्डिंगकडे पहिल्या दिवशी पोरं धावत जातात, दुसऱ्या दिवसापासून कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.

दारात

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

२०२० च्या मे महिन्यात पुण्या-मुंबईहून, गोव्याहून पोरं परत आली. कुणी शाळेत ठेवलेले, कुणी घरी. घरी थांबलेल्यांच्या हातावर शिक्का, दारावर कागद. तो कागद दिसला की शेजारीण अंगण झाडताना पाठ करून उभी राहायची. एका घरचं दूध डेअरीत कुणी आपल्या शेजारी ठेवू देईना. पोरगं ठणठणीत होतं, पण त्याची आई आठवडाभर विहिरीवर गेली नाही. हे पाहिल्यावर पुढच्या घरातली माणसं ताप लपवणार नाहीत तर काय करणार? चाचणी टाळण्यामागे नव्वद टक्के ही लाज असते, आणि मोठ्या दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही ही भीती. अज्ञान फार थोडं असतं.

म्हणून बंद ठेवलेल्या घरासमोर तुम्ही रोज थांबा. लांबून, मास्क लावून, पण गल्लीला दिसेल असं थांबा आणि मोठ्याने चौकशी करा: "काकू, जेवण झालं काय? पोरग्याचा ताप कसा हाय?" तुम्ही घाबरत नाही हे गल्लीने पाहिलं की अर्धी वाळीत टाकण्याची भाषा मिटते. युवक मंडळाच्या पोरांना त्या घरचं पाणी, दळण, रेशन पोचवायला लावा, आणि कोण पोचवणार ते नावानिशी ठरवा.

दारात विचारायचे प्रश्न अगदी घरगुती ठेवा. माणसं किती, खोल्या किती? न्हाणी आणि संडास कुठं? वेगळं झोपायला जागा आहे का? आपल्या घरांत वेगळी खोली क्वचित असते, पण माळा असतो, गोठ्याशेजारची कोंदट खोली असते, शेतात खोपट असतं. कोंदट खोलीपेक्षा पुढचा सोपा (ओसरी) बरा, दार-खिडकी उघडी ठेवून. वाऱ्याची जागा निवडा. मग विचारा, म्हशीची धार कोण काढणार?

हा प्रश्न विसरू नका. मी पाहिलेली कितीतरी विलगीकरणं म्हशीपायी मोडली. म्हैस एकाच माणसाच्या हाताला लागलेली असते. दुसरा बसला की लाथ मारते, दूध चोरते. ताप असलेली बाई पहाटे पाचला गोठ्यात जाणारच, कारण दूध नाही गेलं तर आठवड्याचा हिशेब चुकतो. तिला "घराबाहेर पडू नका" म्हणून उपयोग नाही. आमच्याकडे तोडगा निघाला तो असा: बाईने मास्क लावून स्वतःच धार काढायची, गोठ्यात त्या वेळी दुसरं कुणी नाही, किटली उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि मंडळाच्या पोराने ती डेअरीला न्यायची. नियमाच्या पुस्तकात हे बसत नसेल. पण बाई चौदा दिवस बाजारात, विहिरीवर, लग्नात गेली नाही.

रोजगाराचंही तसंच. हातावर पोट असलेल्या घराला आधी धान्य, मग उपदेश. बंद घरांची यादी त्याच दिवशी पंचायतीत द्या, रेशन दुकानदाराला सांगा, दुकानात उधारीचा शब्द पंचांनी द्यावा असा आग्रह धरा. आणि कर्जाचे हप्ते. बायका तापात उठून कामाला जातात त्यामागे पुष्कळदा आठवड्याचा हप्ता असतो. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. आमच्या गल्लीत ती कुणालाच माहीत नव्हती आणि वसुलीचा माणूस दारात उभा राहायचा. असा काही आदेश निघाला की तो भोंग्यावरून वाचणं हेही साथ रोखण्याचंच काम समजा.

मास्क: जिथं लागतो तिथंच आग्रह

सगळीकडे, सगळा वेळ मास्क असं सांगाल तर कुठंच लावला जाणार नाही. रोप लावणीत गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाईच्या तोंडावर ओलं फडकं कशाला? वरून पाऊस, चहूकडून वारा, दोघींमध्ये हातभर अंतर. तिथं सोडून द्या. पण त्याच बाया ज्या टेम्पोत दाटीवाटीने उभ्या राहून जातात, ताडपत्री बांधलेली असते, गाणी म्हणत जातात, तिथं मात्र ऐकून घ्यायचं नाही. ताडपत्री वर, मास्क नाकावर. बंद जागा, दाटी आणि जास्त वेळ, या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका, हे पोरांनाही पाठ होतं. तुम्ही शेतात सूट दिलीत म्हणून टेम्पोत तुमचं ऐकलं जातं. मला तर हा सगळ्यात खात्रीचा मार्ग वाटतो.

नवा मास्क विकत आणायला सांगण्यापेक्षा शिवणयंत्र असलेल्या दोन बायकांना पंचायतीकडून कापड मिळवून द्या. घट्ट विणीचं सुती कापड, दोन-तीन पदरी, रोज साबणाने धुवायचं.

नियम बदलला की

सुरुवातीला भाज्या धुवायला, कुलपं पुसायला सांगितलं गेलं. पुढे कळलं की हा आजार मुख्यतः हवेतून, श्वासातून पसरतो. कोविशिल्डच्या दुसऱ्या डोसचं अंतर आधी चार आठवडे होतं, मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ सांगितलं आणि मे महिन्यात बारा ते सोळा झालं. लोक म्हणाले, लस संपली म्हणून बनवताहेत. असं झालं की टाळाटाळ करू नका. लसीचा तुटवडा होता हे खरं, आणि अंतर वाढवलं तर ताकद चांगली येते असं अभ्यासात दिसलं हेही खरं, दोन्ही सांगा. नवा आजार आहे, जसजसं कळतं तसं सांगतो, उद्या बदललं तर पहिल्यांदा मीच येऊन सांगेन, असं पहिल्याच बैठकीत बोलून ठेवलंत तर पुढचं सोपं जातं.

मोठ्यांनी नियम मोडले की आपली खरी परीक्षा होते. ४ मे २०२० ला आपल्या राज्यात दारूची दुकानं उघडली, तेव्हा सौंदत्तीच्या यल्लम्माचं दार बंद होतं. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला कोरोनाने गेले, आणि त्यांच्या रिकाम्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला, ऐन दुसऱ्या लाटेत झाली. सभा झाल्या, फेऱ्या निघाल्या. त्यानंतर लग्नाला माणसं मोजायला गेले तर वधूपित्याने विचारलं, "इलेक्शनला माणूस चालतंय आणि माझ्या पोरीच्या अक्षतांना न्हाई?" याला उत्तर देताना सरकारची बाजू घेऊ नका, उडवूनही लावू नका. "दादा, ते चुकलंच. पण तिथं गेलेल्यांच्या घरी ताप आला की मलाच यावं लागतंय. तुमच्या मांडवात तुमची आई बसणार हाय." एवढं बोलून गप्प बसा. मग मांडवाची कनात काढायची, अक्षता आणि जेवण वेगवेगळ्या वेळी, म्हाताऱ्यांना वेगळी ओळ, असं काहीतरी त्यांच्याच तोंडून निघतं.

सीमेचा त्रास आपल्यालाच जास्त. लेक चंदगडला दिलेली, शेत शिनोळीकडे, पोरगा गोव्यात. महाराष्ट्राच्या वाटेवर कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर या कोरोना चाचणीचा कागद मागायचे, गोव्याच्या वाटेवर कणकुंबीकडून चोर्ल्याला जाताना वेगळं विचारायचे, आणि दोन राज्यांचे नियम एकाच दिवशी दोन तऱ्हेचे. वहीचं एक पान या कामाला ठेवा: कुठल्या नाक्यावर आज काय लागतं, खाली तारीख. रोज सकाळी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) फोन करून खात्री करा. ज्या आशाकडे हे पान असतं तिच्याकडे लोक आपणहून येतात, आणि आले की खोकल्याचंही सांगतात.

लस

लसीच्या अफवेशी चारचौघांत वाद घालू नका. चारचौघांत माणूस हटून बसतो. एकट्याला गाठा आणि नेमकी भीती कशाची ते विचारा. दोन वर्षांत मरणार, पोरं होणार नाहीत, असं सांगणारे पुष्कळ असतात, पण खोलात गेलं की बहुतेकांना तापाची आणि बुडणाऱ्या मजुरीची धास्ती असते. म्हणून ताप येणार नाही असं कधीही सांगू नका. दंड दुखेल, एक-दोन दिवस कणकण, ताप, अंगदुखी असू शकते, पॅरासिटामॉल घ्या, नाही उतरला तर मला फोन करा, हे आधी सांगा. आधी सांगितलेला ताप कुणाला घाबरवत नाही.

शिबिराची तारीख आरोग्य केंद्रातून परस्पर येते. ती बदलून मागा. धूळवाफ (पावसाआधीच्या कोरड्या) पेरणीच्या किंवा लावणीच्या दिवसांत लावलेलं शिबिर रिकामं जातं. आमच्याकडे वाराच्या दिवशी लावलेलं शिबिर भरलं, कारण माणसं घरातच होती आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाची जुळवाजुळव आधी झालेली होती. पंचांना विचारूनच हे करा. त्या दिवशी सुई नको असं एखाद्या गावात म्हणतात, तिथं दुसरा दिवस बघा. पहिली लस पंचांनी आणि विणेकऱ्यांनी देवळासमोर घ्यावी.

माळकरी आजी-आजोबांना मी पंढरपूरचा दाखला द्यायची. २०२० च्या आषाढीला माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, वारकरी घरी राहिले. माऊलींनी गर्दी टाळली तर आपण कोण, असं त्या आजीच एकमेकींना सांगू लागल्या.

मयत झाली तर तिथं नियम सांगायला एकटी जाऊ नका. पंच आणि भावकीतला वडीलधारा सोबत घ्या, खांदेकरी आणि रक्षाविसर्जनाची माणसं त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, बाकीच्यांनी आपापल्या दारात उभं राहून हात जोडावेत. रडणाऱ्या बाईला त्या क्षणी काहीही शिकवू नका.

ऑक्सिमीटर आणि तुमची स्वतःची काळजी

बोट थंड असेल तर आधी चोळून गरम करा. नखाला मेंदी किंवा रंग असेल तर दुसरं बोट घ्या. माणूस बसलेला हवा, हात स्थिर हवा, आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा. नंतर सहा मिनिटं अंगणात चालायला लावून पुन्हा बघा. ९४ च्या खाली दिसलं, किंवा चालल्यावर तीन-चारने उतरलं, तर "उद्या बघू" नाही, लगेच डॉक्टरांना फोन. माणूस बोलतोय, चहा पितोय याला भुलू नका, कोरोनात आकडा घसरूनही माणूस बराच वेळ बरा दिसायचा.

जुलै २०२० मध्ये आपल्या राज्यातल्या आशांनी महिना १२ हजार मानधन आणि संरक्षणाच्या साधनांसाठी काम थांबवलं होतं, तेही लोकांना सांगा. आपण फुकटच्या पैशांवर फिरतो असं समजणारे बरेच असतात. मास्क, हातमोजे, सॅनिटायझर लेखी मागा, मागणीच्या कागदाची झेरॉक्स ठेवा. साधनं हातात येईपर्यंत तापाच्या घरात आत शिरू नका. ऑक्सिमीटर उंबऱ्यावर ठेवून दोन पावलं मागं या, घरच्यांकडून लावून घ्या, आकडा त्यांच्याच तोंडून वाचून घ्या आणि परत घेताना पुसून घ्या.

वहीत ज्या घरी जे ठरलं ते लिहीत राहा: म्हैस कुणाकडे, दळण कोण नेणार, हप्ता कधीचा. गाव सोडून बदलून गेलात किंवा काम सोडलंत तर ती वही पुढच्या आशाच्या हातात द्या, कपाटात ठेवू नका.